उंदीर दिसला म्हणजे उंदीरच असतो असं नाही: स्वस्त थर्मल स्पॉटर आणि एअरगन

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोरेगावचा एक मुलगा विचारतोय की त्याचा मोठा भाऊ इंग्लंडात लेस्टरजवळ असतो, तिथल्या एका शेतकऱ्याने त्याला धान्याच्या गोदामाभोवतीचे उंदीर मारायला परवानगी दिलीय, एअर रायफल आहे, आता एन्ट्री लेव्हलचा थर्मल स्पॉटर (अंगाच्या उष्णतेवरून अंधारात जनावर दाखवणारी हातातली दुर्बीण) घ्यायचाय, तर १६० पिक्सेलवाला घ्यावा की २५६ वाला की अजून थोडे पैसे साठवून मोठ्या लेन्सचा. आणि शेवटी हळूच एक शेपूट जोडलंय, की भाऊ जानेवारीत घरी येतोय, आमची कर्जतला वाडी आहे, रानडुकरं फार येतात, तर तोच स्पॉटर आणि इथली एअरगन घेऊन काही जमेल का काका.

काका म्हणालास ते बरं केलंस, केस पांढरे झालेत. मी अकरा वर्षं इंग्लंडात होतो, लिंकनशायरमध्ये, नोकरी कारखान्यात पण शनिवारची रात्र शेजारच्या फार्मवर उंदरांच्या मागे, आणि आता मुलुंडला परत येऊन सहा वर्षं झाली. तोच स्पॉटर अजून कपाटात आहे, आता बंदूक नाही सोबत, नुसता बघायला वापरतो. त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो.

आधी शेपटाचं उत्तर देऊन टाकतो. कर्जतला नाही जमणार, आणि ट्रायही करू नकोस. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्यात शिकारीची व्याख्या नुसती मारण्यापुरती नाही, सापळा लावणं, आमिष टाकणं, जखमी करणं आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न करणं, सगळं शिकारीतच धरतात. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबद्दल कलम ११ खाली वनखात्याकडून लेखी परवानगीचा रस्ता आहे, पण तो अर्ज करून मिळवायचा असतो, भाऊ सुट्टीवर आलाय म्हणून नाही. आणि कायदा जरा बाजूला ठेवला तरी, आपल्याकडे लायसन्सशिवाय मिळणारी एअरगन म्हणजे ४.५ मिलिमीटर बोअर (नळीचा आतला व्यास) आणि ताकद २० ज्यूलच्या आत, तिचा छर्रा रानडुकराच्या कातडीत आणि चरबीत रुतून बसतो, डुक्कर मरत नाही, जखम चिघळते आणि तेच डुक्कर आठवड्याने तुमच्या शेजाऱ्याच्या अंगावर जातं. ससा, मोर, तित्तर यांचंही नाव काढू नकोस. स्पॉटर मात्र वाडीवर जरूर ने, त्याचा उपयोग शेवटी सांगतो.

आता लेस्टर. तिथे हे सगळं रीतसर आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १२ फूट-पाऊंडपर्यंतच्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही (म्हणजे साधारण १६ ज्यूल, आपल्या २० च्या मर्यादेपेक्षाही कमी, फक्त तिथे .२२ इंची बोअर सर्रास चालतो), स्कॉटलंडमध्ये मात्र २०१६ च्या शेवटापासून सर्टिफिकेट लागतं, तेव्हा भाऊ तिकडे मित्राकडे गेला तर रायफल गाडीत टाकून जाऊ नये. जमीनमालकाची परवानगी हवी, ती लेखी घ्यायला सांग, आणि छर्रा त्या जमिनीच्या हद्दीबाहेर जाता कामा नये. शेतकरी लोकांना हे का हवं असतं तर विषाचा प्रॉब्लेम असतो, विष खाऊन सुस्त झालेला उंदीर गव्हाणी घुबड खातं आणि ते विष घुबडात उतरतं. तिथल्या शेतकऱ्याच्या कोठारात घुबडाची जोडी असेल तर तो विष टाकायला बिचकतो आणि मग तुझ्या भावासारख्या माणसाला चहा पाजतो.

स्पॉटर घ्यायला जाताना पहिली गोष्ट, जे हातात देतात ते खरंच थर्मल आहे का बघ. हसू नकोस. परत आल्यावर मी मित्रासाठी एक बघायला गेलो होतो, दुकानाचं नाव घेत नाही, त्याने "थर्मल थर्मल" म्हणत जे काढलं ते साधं डिजिटल नाईट व्हिजन होतं, इन्फ्रारेड टॉर्चवालं. फरक ओळखायची सोपी युक्ती म्हणजे दुकानाच्या काचेतून बाहेर बघायचं. थर्मल काचेतून बघू शकत नाही, कारण ते ८ ते १४ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब इन्फ्रारेड तरंग पकडतं आणि ते साध्या काचेतून जातच नाहीत (म्हणून त्याची लेन्स काचेची नसते, जर्मेनियमची असते आणि म्हणून लेन्स मोठी झाली की किंमत धावत सुटते). बाहेरची रिक्षा स्पष्ट दिसली तर ते थर्मल नाही. काचेत तुझाच भुतासारखा चेहरा दिसला तर थर्मल. मी तसं बघितलं, दुकानदाराकडे बघितलं, त्याने निमूट डबा बंद केला.

आता मुख्य मुद्दा, १६० की २५६. लोक या आकड्यांवर तासन्तास भांडतात पण तीन आकडे एकत्र धरल्याशिवाय त्यातून काही कळत नाही, सेन्सरचे पिक्सेल, एका पिक्सेलचा आकार आणि लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सचा मिलिमीटरमधला आकडा, तो मोठा तेवढं चित्र मोठं पण दिसणारी जागा अरुंद). आजकाल बहुतेक स्पॉटरमध्ये पिक्सेल १२ मायक्रॉनचा असतो. २५६ चा सेन्सर आणि १० मिलिमीटरची लेन्स धर. १२ मायक्रॉनला १० मिलिमीटरने भागलं की एका मीटरला १.२ मिलिमीटर येतात, म्हणजे ३० मीटरवर एक पिक्सेल जमिनीवरचे ३.६ सेंटिमीटर व्यापतो. आता मोठा तपकिरी उंदीर घे, शेपूट सोडून वीसेक सेंटिमीटर लांब आणि बसलेला असताना सातआठ सेंटिमीटर उंच. तर तुझ्या स्क्रीनवर तो सहा पिक्सेल लांब आणि दोन पिक्सेल उंच असतो. बस. एवढाच. हातावर तांदळाचा दाणा ठेव आणि हात लांब करून बघ, त्याहून फार वेगळं नसतं. १६० चा सेन्सर ६ मिलिमीटर लेन्सबरोबर आला तर एक पिक्सेल ३० मीटरवर ६ सेंटिमीटरचा, म्हणजे उंदीर तीन बाय एक. तो ठिपका आहे, उंदीर नाही.

डब्यावर लिहिलेलं असतं की ५०० मीटरपर्यंत दिसतं. खोटं नाही ते. फक्त "दिसतं" याचा अर्थ वेगळा आहे. १९५८ साली जॉन जॉन्सन नावाच्या अमेरिकन लष्कराच्या शास्त्रज्ञाने माणसांना चित्रं दाखवून मोजलं होतं की एखादी वस्तू "आहे" एवढं कळायला किती रेषा लागतात, "कुठल्या प्रकारची आहे" कळायला किती आणि "नेमकी कोण" कळायला किती. आजच्या भाषेत सांगायचं तर वस्तूच्या बारीक बाजूवर साधारण दोन पिक्सेल पडले की काहीतरी आहे एवढं कळतं, आठ पडले की प्रकार कळतो आणि बारा-तेरा पडले की नेमकी ओळख पटते. कंपन्या डब्यावर पहिला आकडा छापतात आणि तोही १.८ मीटर उंचीच्या माणसाचा. आता हेच गणित आपल्या उंदराला लाव, आठ सेंटिमीटर उंच, त्यावर आठ पिक्सेल हवेत, म्हणजे एक पिक्सेल एक सेंटिमीटरचा हवा, म्हणजे २५६ आणि १० मिलिमीटरच्या स्पॉटरने उंदीर हा उंदीर म्हणून ओळखायचं अंतर येतं आठ मीटर. आठ! ३० मीटरवर तो तुला एवढंच सांगतोय की तिथे काहीतरी कोमट आहे.

हे मी एवढं घोळवतोय कारण मी स्वतः यात तोंडावर पडता पडता वाचलोय. पहिलं वर्ष होतं, नोव्हेंबर, गोदामाच्या मागे पेंढ्याच्या गासड्या रचलेल्या आणि त्यांच्या कडेने उंदरांची वाट. साधारण बावीस मीटरवर एक पांढरा ठिपका भिंतीलगत सरकत होता, थांबत होता, परत सरकत होता, हुबेहूब उंदराची चाल. मी स्पॉटर छातीवर सोडला, रायफल खांद्याला लावली, रायफलवर साधा नाईट व्हिजन होता, इन्फ्रारेड टॉर्चसकट, आणि त्यातून बघतो तर काटे. हेजहॉग. दिसायला आपल्या साळिंदराचं छोटं रूप, तिथे संरक्षित प्राणी आहे आणि लोकांचा जीव की प्राण, कोणी मारला कळलं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. घरी येऊन त्या प्रसंगाचा विचार केल्यावर एक गोष्ट लक्षात आली की तो ठिपका नीट बघितला असता तर फरक होता, काट्यांमुळे पाठ गार दिसते आणि खालचा तोंडाकडचा भाग उजळ, उंदीर मात्र अख्खा उजळ आणि शेपूट बऱ्याचदा वेगळी रेघ म्हणून दिसते. पण तो फरक दिसायला पिक्सेल पाहिजेत आणि मन थंड पाहिजे, आणि नोव्हेंबरच्या रात्री दोन्हीची टंचाई होती.

म्हणून माझा नियम, आणि भावालाही हाच सांग, थर्मलने फक्त शोधायचं, ओळख रायफलवरच्या स्कोपने पटवायची, मग तो नाईट व्हिजन असो की टॉर्च. स्पॉटरमधून ठिपका बघून थेट चाप ओढायचा नाही. रायफलवर अंधारात दिसायची सोय नसेल तर स्पॉटर घेण्याआधी ते पैसे तिकडे घाल. भावाने ते केलंय का हे तुझ्या प्रश्नात कुठेच नाही, आधी ते विचार त्याला.

आता हे वाचून तुला वाटेल की मग स्वस्तातला घेऊच नये. उलट. एअरगनला स्वस्तातलाच बरा पडतो, कारण एअरगनचं कामच ३०-३५ मीटरच्या आत संपतं, त्यापुढे १२ फूट-पाऊंडच्या छर्‍याने डोक्यात नेम धरणं म्हणजे जनावराचे हाल. लोक ३५ मिलिमीटर लेन्सचा मोठा स्पॉटर घेतात, जो कोल्हे शोधायला बनवलेला असतो, ३८४ च्या सेन्सरला ती लेन्स लावली की १० मीटरवर जेमतेम सव्वा मीटर रुंद जागा दिसते. उंदीर भिंतीकडून गासड्यांकडे पळाला की तू त्याला बोळातून नळी लावून शोधत बसतोस. त्याउलट २५६ आणि १० मिलिमीटरमध्ये ३० मीटरवर नऊ मीटर रुंदी दिसते, अख्खं अंगण एका नजरेत. म्हणून माझं मत, १६० वाला अगदीच आंधळा, मोठ्या लेन्सचा या कामाला निरुपयोगी, २५६ आणि ९-१० मिलिमीटरचा घे. तिथे साधारण ३०० ते ५०० पौंडात येतो. मॉडेलचं नाव मुद्दाम सांगत नाही, नावं बदलत राहतात, आकडे वाचायला शिकलास की कोणाला विचारायला लागणार नाही. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २५ हर्ट्झ तरी बघ, ९ हर्ट्झवालेही विकायला असतात, त्यात पळणारा उंदीर मधूनमधून गायब होऊन पुढे उगवतो, जुन्या केबल टीव्हीसारखं. डिजिटल झूम विसरून जा, ठिपक्याचा मोठा ठिपका होतो एवढंच.

आणि एक आकडा, ज्याला ते एनईटीडी म्हणतात, मिलिकेल्विनमध्ये लिहितात. म्हणजे किती बारीक तापमानाचा फरक कळतो ते. ४० लिहिलं असेल तर ०.०४ अंश. जितका कमी तितका चांगला. लेस्टरच्या हिवाळ्यात ४० असो की २५, फार फरक पडत नाही, जमीन २ अंशाला असते आणि उंदीर दिव्यासारखा चमकतो. हा आकडा खरा लागतो तो आपल्याकडे. मुंबईत मे महिन्यात रात्री अकरा वाजता पण कंपाउंडची भिंत दिवसभराचं ऊन पिऊन बसलेली असते, हवा दमट, त्या हवेतला ओलावाही थोडा सिग्नल पितो, आणि स्पॉटरमधून सगळं पिठल्यासारखं एकसारखं दिसतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चारनंतर बघशील तर तोच स्पॉटर वेगळाच वाटेल. संध्याकाळी दिवेलागणीला आणि सकाळी उजाडताना पण एक वेळ येते जेव्हा दगड, माती, झाडं सगळं एकाच तापमानाला येतं, तेव्हा मशीन बिघडलं म्हणून दुकानदाराला फोन करू नकोस.

मुंबईचा अजून एक खास त्रास. एसी बेडरूममधून स्पॉटर काढलास आणि थेट गच्चीत गेलास की लेन्सवर बाष्प धरतं आणि समोर नुसता पांढरा धूर. ते फडक्याने खसाखसा पुसायचं नाही, जर्मेनियमवरचं कोटिंग नाजूक असतं. आधी अर्धा तास बॅगेतच बाहेर ठेवायचा, बंद बॅगेत. पावसाळ्यात वापरत नसशील तर बॅटरी काढून ठेव आणि डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाक, बायको नवीन चपला आणते त्यातल्या चालतात.

बरं, आता भावाने प्रत्यक्ष काय करायचं. पहिल्या दोन रात्री रायफल घरी ठेवायची. हे कोणी ऐकत नाही पण माझ्या सगळ्या सांगण्यातलं हे एकच ऐकलं तरी पुरे. नुसता स्पॉटर घेऊन जायचं, गाडी लांब लावायची, एका कोपऱ्यात पाठ टेकून बसायचं आणि तासभर बघायचं. उंदीर मोकळ्या अंगणातून जात नाही, भिंतीला अंग घासत जातो, रोज त्याच वाटेने, आणि थर्मलमध्ये ती वाट आरशासारखी समजते. कुठल्या बिळातून किती वाजता निघतात, पाणी कुठे पितात, मांजर कुठून येतं, फार्मचा माणूस रात्री दहाला गुरांना बघायला कुठल्या दाराने येतो. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मला स्पॉटरने किती उंदीर मिळाले ते आठवत नाही पण दोनदा अंधारात येणारा माणूस वेळेत दिसला ते पक्कं आठवतंय.

मग दिवसाउजेडी परत जायचं, मोजपट्टी किंवा लेझर रेंजफाइंडर घेऊन. कारण थर्मलमध्ये खोली नसते. आठ मीटरवरची पिटुकली उंदरी आणि पंचवीस मीटरवरचा मोठा उंदीर स्क्रीनवर सारखेच दिसतात, दोघं तांदळाचे दाणे. आणि एअरगनला अंतर चुकून चालत नाही, तिचा छर्रा रायफलीच्या गोळीसारखा सपाट जात नाही. .२२ चा छर्रा ३० यार्डाला झिरो केला (म्हणजे नेम जुळवला) असेल तर ४० यार्डाला दोनेक इंच खाली पडतो, आणि उंदराच्या डोक्याचं माप त्याहून लहान आहे. म्हणून दिवसा मोजून ठेवायचं, नळाचा खांब १८, निळं पिंप २४, गासड्यांचा कोपरा ३१, आणि चिठ्ठी रायफलच्या दस्त्यावर चिकटवायची. रात्री उंदीर पिंपाजवळ दिसला की आकडा तयार. मी तर पिंपाच्या पायथ्याला प्राण्यांच्या खाद्याचं पीठ लोण्यात कालवून चोपडायचो, पीठ चाटायला उंदीर थांबतो, उचलून पळत नाही.

मागची बाजू दिवसाच बघून ठेवायची. थर्मलमध्ये तारेचं कुंपण दिसत नाही, कारण तार हवेइतकीच गार. गवताची काडी दिसत नाही, खिडकीच्या काचेमागचं दिसत नाही, पत्र्यामागे काय आहे ते तर नाहीच. लोकांना वाटतं थर्मल म्हणजे भिंतीपलीकडचं दिसतं, ते सिनेमात. छर्रा काँक्रीटवर आपटला की उलटा येतो, एकदा माझ्याच गाडीच्या दारावर आला, डेंट अजून आठवतोय आणि तो दुरुस्त करायला गेलेले पैसेही. मागे माती, गासड्या, लाकूड असेल तिथेच नेम धरायचा.

वापरताना बारीकसारीक. स्क्रीनचा ब्राइटनेस अगदी तळाला आणायचा आणि ज्या डोळ्याने नेम धरतो त्याने स्पॉटर बघायचा नाही, नाहीतर तो डोळा दिपतो आणि स्कोपमध्ये दोन मिनिटं काळोख. डोळ्यापासून काढला की स्क्रीनचा उजेड तोंडावर पडतो, ते समोरच्याला दिसतं, तेव्हा छातीला उलटा टेकवायची सवय लावायची. व्हाइट हॉट (गरम ते पांढरं) ठेव, ते लाल-जांभळे रंग दुकानात दाखवायला असतात, फार तर सेपिया. मधूनच आतलं शटर टिक करून चित्र क्षणभर गोठतं, घाबरू नको, सेन्सर स्वतःला जुळवून घेत असतो, पण दहा मीटरवर उंदीर असेल तर ती टिकटिक त्याला ऐकू जाते, म्हणून मॅन्युअलवर टाकून बसायच्या आधीच एकदा करून घ्यायचं. फिरवताना हळू फिरवायचं, थांबत थांबत, झाडू मारल्यासारखं नाही.

ठिपके फसवतात ते वेगळंच. ताजं शेण अर्धा तास चमकतं. दिवसभर तापलेला दगड चमकतो, कोंबडीची अंडी, गरम पाण्याचा पाइप, नुकताच बंद केलेला ट्रॅक्टर, आणि जिथे तू पाच मिनिटं बसला होतास ती जागा. घरी करून बघ, भिंतीवर तळहात दाबून धर, काढ आणि स्पॉटरमधून बघ, हाताचा ठसा बराच वेळ राहतो. हलतं ते जिवंत एवढं मानायचं नाही, हललं नाही ते मेलेलं असंही मानायचं नाही.

मारल्यानंतरही स्पॉटरचा उपयोग होतो, गवतात पडलेला उंदीर टॉर्चने सापडत नाही पण ऊब असेपर्यंत थर्मलमध्ये लगेच दिसतो. जखमी होऊन सरकलेला असेल तर तोही, आणि त्याला तिथेच सोडून घरी जायचं नाही. उचलताना हातमोजे, चिमटा, पिशवी. मुंबईत राहणाऱ्याला लेप्टो सांगायला नको, २००५ च्या पुरानंतर काय झालं ते बघितलंय आपण, तिथेही तोच आजार आहे, फक्त नाव वेगळं घेतात.

आपल्याकडे महापालिकेच्या कीटकनाशक खात्याचे मूषक संहारक रात्रभर गल्लीबोळात हे काम करतात, हातात काठी आणि टॉर्च, बस. हाऊस गल्लीत (दोन इमारतींमधला सांडपाण्याचा अरुंद बोळ) वरून कचरा पडतोय, खाली गटार, आणि रात्रीचं टार्गेट बरीच वर्षं ३० उंदरांचं. लिंकनशायरमध्ये हीटरवाल्या गाडीतून उतरून हजार पौंडाचं सामान मिरवणारा मी, एका रात्रीत बारा मिळाले की फोटो काढायचो. एकदा माटुंग्याला मित्राच्या जुन्या चाळीत गेलो असताना हाऊस गल्लीत सहज स्पॉटर लावला होता. सांडपाण्याचे पाइप सगळे कोमट, भिंती कोमट, आणि त्यात एक मांजराएवढी घूस निवांत बसलेली, मला ती पाइपाचा सांधा वाटत होती, शेपूट हलली तेव्हा कळलं. चाळीतल्या आजी वरून म्हणाल्या, मशीन कशाला पाहिजे, रोज याच वेळी असते ती तिथे. आणि हो, सोसायटीच्या कंपाउंडमध्ये एअरगन काढायचा विचारही नको, मागे लोक आहेत, खिडक्या आहेत, आणि पोलीस स्टेशनला समजावत बसशील.

आता वाडी. जानेवारी हा कर्जतला स्पॉटरसाठी उत्तम महिना, हवा कोरडी, पहाटे चांगला गारठा. मचाणावर किंवा गच्चीत बसून शेताची कड बघत राहा. रानडुक्कर मोठं जनावर, २५६ वाल्यात १०० मीटरवर एक पिक्सेल १२ सेंटिमीटरचा, म्हणजे डुक्कर आठ-दहा पिक्सेल लांब, कळप कुठून उतरतोय ते आरामात कळतं. मग ज्या बाजूने येतात तिथे आधीच डबे वाजवा, दिवा फिरवा, राखणीला माणूस बसवा. अख्खी रात्र चारी बाजूंना ओरडत बसण्यापेक्षा एका बाजूला दहा मिनिटं ओरडणं बरं. माझ्या मित्राच्या वाडीवर दोन वर्षं हेच करतोय आम्ही, कुंपणात ते कुठे घुसतात ती दोन भोकं स्पॉटरने सापडली आणि तिथे दगड रचले. एवढ्या वर्षांत गडी म्हणत होता सगळीकडून येतात.

बिबट्याचाही भाग आहे तो, तेव्हा घरातून बाहेर पाऊल टाकायच्या आधी दारातूनच एकदा सगळीकडे फिरवून बघायचं. लक्षात ठेव, थर्मलमध्ये बिबट्याचे ठिपके दिसत नाहीत, ठिपके रंगाचे असतात, उष्णतेचे नाहीत. तो एक सपाट पांढरा आकार असतो, कुत्र्यासारखाच, फरक लांब जड शेपटीचा आणि खांदे वरखाली होणाऱ्या चालीचा. मुलुंडला आमच्या गच्चीतून नॅशनल पार्कची भिंत दिसते, तिथे तीनदा मी कुत्र्याला बिबट्या समजून बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज टाकलाय आणि चौथ्यांदा खरा असताना कोणी विश्वास ठेवला नाही. आणि साप बहुतेक दिसतच नाही, त्याचं अंग जमिनीइतकंच गार किंवा गरम. म्हणजे गवतात चालताना टॉर्च पाहिजेच, स्पॉटर आहे म्हणून अंधारात चालायचं नाही.

मित्राच्याच वाडीवर मागच्या वर्षी गोठ्याच्या वाशावर एक लांबट ठिपका बघितला, मित्र म्हणाला घूस, काठी आण. मी म्हटलं थांब. पाच मिनिटं बघत बसलो, ती घूस वाशावरून आंब्याच्या फांदीवर गेली, शेपूट अंगाइतकीच लांब, आणि वर चढून बसली. टॉर्च मारला तर कांडेचोर (उदमांजर), डोळे चमकवत आमच्याकडे बघतंय. मित्राने काठी खाली ठेवली आणि म्हणाला, याला तर माझी आजी दूध ठेवायची.

भावाला सांग तिकडूनच घे, वॉरंटी तिथली, दुकान तिथलं, बिघडला तर परत करता येतो. घेतल्यावर लगेच दोन आठवड्यांत सगळं तपासून घे, स्क्रीनवर कायमचा पांढरा किंवा काळा ठिपका असेल तर तो मेलेला पिक्सेल, बदलून माग. इकडे येताना बिल सोबत ठेवायचं, आणि बॅटरी लिथियमची असते तेव्हा स्पॉटर आणि सुट्या बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत टाकायच्या नाहीत, हँडबॅगेत. रायफल अर्थातच तिकडेच कुलपात. आणि रायफलवर रात्रीचं काय लावलंय ते विचारून मला कळव, टॉर्च असेल तर कुठल्या रंगाचा तेही, कारण त्यावर किती जवळ बसायचं ते ठरतं.